तान्ह्या लेकीच्या पापणीवरचा लाल डाग वाढतोय, कुणाला अनुभव आहे का?

अमळनेरची_लेक

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे, डिसेंबरात झाली, बाळंतपण माहेरी अमळनेरला झालं आणि आता सासरी चोपड्याला आलेय. झाली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याच्या वर, भुवई आणि पापणीच्या मधे, नखानं ओरखडल्यासारखी एक गुलाबी रेघ होती फक्त. मला वाटलं तिचंच नख लागलं असेल, दवाखान्यात दाखवलं तर म्हणाले पापणीवरचे गुलाबी डाग असतात बाळांना, आपोआप जातात, काळजी करू नका. पण तो गेला नाहीच, पंधरा दिवसांनी मसुरीच्या डाळीएवढा लाल ठिपका झाला, महिन्याची झाली तेव्हा हरभऱ्याएवढा, आणि आता शेंगदाण्याएवढा झालाय, वर उचलून आलाय, रंग एकदम लालभडक. हात लावला की मऊ लागतो, रडली की अजून फुगतो. गेल्या आठवड्यापासून मला असं वाटतंय की डावा डोळा ती पूर्ण उघडत नाही, पण घरात सगळे म्हणतात तुला भास होतोय.

दुसरं म्हणजे कमरेखाली, कुल्ल्यांवर निळसर-करडे मोठे डाग आहेत, मार लागल्यासारखे दिसतात. तेही सांगा काय असतं.

आणि एक सांगायचं होतं. ७ सप्टेंबरला रात्री ते मोठं चंद्रग्रहण होतं ना, तेव्हा मला सहावा महिना होता आणि मी संध्याकाळी वांगी चिरली होती, भरीत नव्हतं भाजीच होती, ग्रहण लागायच्या कितीतरी आधी. पण आता रोज ऐकतेय. सासूबाई वाईट नाहीत, बाळाला जीव लावतात, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगतात, "गरहनमा भाजी चिरी व्हती हिनी, म्हनीसन हाई लागनं." मी काही बोलत नाही, पण रात्री पोरीला पाजताना तो डाग बघते आणि रडू येतं. खरंच माझ्यामुळे झालं असेल का?

तापीकाठ

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी हे ऐका. उद्या किंवा परवा बाळाला त्वचेच्या डॉक्टरांकडे नाहीतर बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा. हे मी घाबरवायला लिहीत नाही, आम्ही थांबलो म्हणून लिहितोय.

माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. तिलाही अगदी असाच, उजव्या वरच्या पापणीवर. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे लासं आहे, पाच-सहा वर्षांत विरघळतं, काही करू नका. विरघळतं हे खोटं नाहीये, याला हिमॅन्जिओमा म्हणतात, बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो तो, पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं वाढतो आणि मग हळूहळू काही वर्षांत ओसरतो. पण तो पापणीवर असला तर ओसरेपर्यंत डोळा थांबत नाही ना! बाळाचा डोळा बघायला शिकतो तो याच महिन्यांत, आणि पापणीवर गाठीचं वजन आलं की बुबुळावर दाब येतो, नंबर वाकडा होतो, नाहीतर पापणी खाली येऊन नजरच झाकली जाते. मग मेंदू त्या डोळ्याचं घेणंच सोडून देतो. डॉक्टर त्याला आळशी डोळा म्हणतात. आम्ही सातव्या महिन्यात नाशिकला नेली तेव्हा हे कळलं. आता तिला चष्मा आहे आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते म्हणजे दुसरा डोळा काम करेल. चार वर्षांची पोर ती, पट्टी लावली की भिंतीला धरून चालते, टीव्हीच्या एकदम जवळ जाऊन उभी राहते, आणि विचारते पप्पा अजून किती वेळ. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे, होईल. पण दीड-दोन महिन्यांची असताना नेली असती तर बहुतेक ही पट्टी लागली नसती.

तुम्हाला वाटतंय ना डोळा कमी उघडतोय, तो भास समजू नका. आई चोवीस तास बघत असते बाळाला, दुसरं कोण बघतं तेवढं.

जाण्याआधी एक काम करा. मोबाइलमधे जन्मापासूनचे फोटो शोधा आणि तारखेनुसार एका फोल्डरमधे टाका. आणि आजपासून दर चार दिवसांनी खिडकीपाशी सकाळच्या उजेडात, त्याच अंतरावरून, शेजारी कंपासमधली पट्टी धरून फोटो काढा. डॉक्टरांना वाढ किती वेगानं होतेय ते एका मिनिटात कळतं, आम्हाला नाशिकच्या मॅडमनी पहिला प्रश्नच तो विचारला होता आणि आमच्याकडे बारशाचे चार फोटो सोडून काही नव्हतं.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे असल्या डागावर बिब्ब्याचं तेल लावतात, नाहीतर चुना आणि सोडा, खपली धरून पडून जातं. माझ्या काकांची चामखीळ तशीच गेली होती. डोळ्याजवळ आहे म्हणून थोडं सांभाळून लावावं लागेल पण करून बघा.

नर्सताई_साक्री

रावेरचे दादा, तुम्ही मदत म्हणून लिहिलंय हे कळतं मला, पण कृपा करून असं कुणाला सांगू नका. मी ३१ वर्षं नोकरी केली, बरीचशी आदिवासी भागात, आणि बिब्बा लावलेली लेकरं स्वतःच्या हातानं ड्रेसिंग केली आहेत. बिब्ब्यानं कातडी जळते, फोड येतात, पाणी सुटतं आणि भरल्यावर काळा डाग कायमचा राहतो. चुना-सोड्याचं तेच. म्हाताऱ्या माणसाची चामखीळ वेगळी आणि अडीच महिन्यांच्या बाळाची रक्तानं भरलेली गाठ वेगळी, ती जळली तर रक्त थांबवताना नाकी नऊ येतील, आणि खाली डोळा आहे.

अमळनेरच्या ताई, आता तुमच्याशी बोलते, जरा मोठं होईल.

आधी ग्रहणाचं. ७ सप्टेंबर २०२५ चं ग्रहण सगळ्या देशातून दिसलं. त्या रात्री देशात लाखो बायका गरोदर होत्या, कुणी भाजी चिरली, कुणी कापूस वेचून दमून झोपली, कुणी रात्रपाळीला होती, मी स्वतः नोकरीत असताना ग्रहणात बाळंतपणं केली आहेत, नाळ कात्रीनंच कापावी लागते ना. आणि हिमॅन्जिओमा शंभरातल्या चार-पाच बाळांना होतोच, जगभरात, जिथे ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही. मुलींना मुलांपेक्षा जास्त होतो, कमी वजनाच्या आणि दिवस न भरलेल्या बाळांना जास्त होतो. आईनं काय खाल्लं, काय चिरलं, कशाला हात लावला याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे सासूबाईंना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. सुनेनं सांगितलेलं कानाआड होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं टिकतं, मी खूप घरांमधे बघितलंय.

तुम्हाला जे आधी सांगितलं गेलं ना की पापणीवरचे गुलाबी डाग जातात, ते दुसऱ्याच डागाबद्दल आहे. खूप बाळांना जन्मतःच पापण्यांवर, कपाळाच्या मधे, मानेच्या मागे फिकट गुलाबी सपाट छटा असते, रडताना गडद होते, दाबली की पुसट होते. पापणीवरची वर्षा-दोन वर्षांत जाते, मानेवरची कधी कधी केसांखाली आयुष्यभर राहते, कुणाला त्रास नाही. जन्माच्या दिवशी दोन्ही सारखेच दिसू शकतात. फरक पुढच्या पंधरा-वीस दिवसांत कळतो, कारण साधा डाग जागच्या जागी राहतो आणि हिमॅन्जिओमा वाढतो. पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जोरात वाढतो आणि पाच महिन्यांपर्यंत त्याची बहुतेक वाढ होऊन जाते. म्हणून दाखवायची वेळ आत्ताची आहे, तापीकाठ भाऊंनी बरोबर सांगितलं. सगळ्यांनाच औषध लागतं असं नाही हं, पाठीवर पोटावर छोटा ठिपका असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. पण डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर, ओठावर, लंगोटाच्या जागी असेल तर थांबायचं नाही. हनुवटी आणि जबड्याच्या भागात दाढीसारखा पसरला असेल तर घशाच्या आतही असू शकतो, बाळाच्या श्वासाला घरघर येते. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर पोटाची सोनोग्राफी करून लिव्हर बघतात. तुम्ही बाळाला उघडं करून सगळीकडे एकदा बघा, टाळूच्या केसांत, काखेत, लंगोटाखाली.

आता घरी काय सांभाळायचं ते. मालिशवाली बाई येत असेल तर तिला त्या जागेवर हात लावू देऊ नका, दाबून जिरवायचा प्रकार अजिबात नको. उटणं, बेसन, हळद, लिंबू, काही घासायचं नाही. काजळ त्या डोळ्यात नको, तसं कुठल्याच डोळ्यात नको. आंघोळीला कोमट पाणी, टॉवेल नुसता टेकवून टिपायचा. बाळाची नखं दर तीन-चार दिवसांनी कापा, झोपेत ओरबाडतात. डाग कोरडा, खरखरीत दिसला तर साधं व्हॅसलीन पातळसं लावा, पापणीवर आहे म्हणून आत जाणार नाही एवढं. कधी रक्त आलंच तर घाबरू नका, स्वच्छ सुती कापड ठेवून बोटानं हलका पण सलग दहा मिनिटं दाब द्या, मधेमधे उचलून बघायचं नाही (सगळे हीच चूक करतात, दर अर्ध्या मिनिटाला बघतात थांबलं का). तरी थांबलं नाही किंवा मधे पांढरं-काळपट होऊन जखम दिसायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना. जखम झालेला हिमॅन्जिओमा बाळाला फार दुखतो, दूध सोडतात लेकरं. आणि आता आपल्याकडचा उन्हाळा येतोय, पंचेचाळीसपर्यंत जातो पारा, बाळाला दुपारी बाहेर काढू नका, सुती टोपडं घाला, सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन नको.

कमरेखालच्या निळ्या डागांची काळजी सोडून द्या. आपल्याकडच्या सावळ्या बाळांमधे ते भरपूर दिसतात, कातडीच्या खालच्या थरात रंगाच्या पेशी राहून जातात म्हणून निळे दिसतात. चार-पाच वर्षांत बहुतेक जातात, काही लावायचं नाही. फक्त कार्डावर डॉक्टरांकडून नोंद करून घ्या, कारण नंतर पाळणाघरात किंवा दुसऱ्या दवाखान्यात कुणाला वाटतं की लेकराला मारलंय. आमच्याकडे एका आईवर असा आळ आला होता, ऊसतोडीवरून परत आलेली बाई, काय बोलावं तिला सुचेना, नुसती लेकराला छातीशी धरून उभी होती. बरोबर मणक्याच्या रेषेवर मात्र लाल डाग, खळगा किंवा केसांचा झुपका असेल तर दाखवायचं, तिथे आतला मणकाही बघावा लागतो.

धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दोन्हीकडे त्वचा विभाग आणि बालरोग विभाग आहेत. तुम्हाला चोपड्याहून जळगाव जवळ. सकाळी लवकर जा, केसपेपर काढायला वेळ जातो.

केळीबाग_रावेर

ताई, चूक झाली. काकांचं बघून लिहिलं, बाळाचा विचार केला नाही. अमळनेरच्या ताई, बिब्बा लावू नका. जळगावला जायला गाडी लागली तर मला मेसेज करा, माझी दर मंगळवारी आणि शुक्रवारी फेरी असते.

शिरपूरकर_सर

मधेच विचारतो, माझ्या पुतण्याच्या अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे सपाट डाग आहेत, मोजले तर सात भरले. वय ३. त्रास काही नाही. हेही असंच सोडून द्यायचं का?

नर्सताई_साक्री

सर, एक-दोन असते तर सोडून द्या म्हटलं असतं. लहान मुलात पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावंच लागतं, न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाचा एक जनुकीय आजार असतो त्याची ती पहिली खूण असू शकते. असेलच असं नाही, पण डोळे, बीपी, वाढ हे दरवर्षी तपासत राहावं लागतं. सातही डाग पट्टीनं मोजून लिहून न्या.

भुसावळ_जंक्शन

हा धागा दोनदा वाचला, मग लिहायला बसलो. मी ३८ वर्षांचा आहे, रेल्वेत आहे. माझ्या उजव्या गालापासून जबड्यापर्यंत जांभळट लाल डाग आहे, जन्मापासून. शाळेच्या फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून जे लिहायचं असतं ना, तिथे बाकीच्या पोरांचं गुरुजी शोधत बसायचे, हाताला तीळ, गुडघ्यावर व्रण, माझं न बघताच लिहायचे, उजव्या गालावर लासं.

माझ्याचा प्रकार वेगळा, याला पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात. हा हिमॅन्जिओमासारखा वाढूनही येत नाही आणि विरघळतही नाही. सपाट असतो, बाळाच्या अंगाबरोबर मोठा होतो, आणि वय वाढलं की गडद, जाड होत जातो. रशियाचे गोर्बाचेव्ह आठवतात का, त्यांच्या कपाळावर होता तो हाच. लहानपणी मी पेपरातला त्यांचा फोटो कापून वहीत ठेवला होता, एवढा मोठा माणूस आणि झाकत नाही, म्हणून.

आता मुद्द्याचं. माझ्या आईला सगळ्यांनी ग्रहणच सांगितलं. ती आयुष्यभर ते धरून बसली. मी दहावीला असताना एका रात्री मला म्हणाली, तुझ्या वेळेला ग्रहणात मी झोपले नाही, नुसती बसून होते, तरी कसं झालं रे. म्हणजे बिचारीनं सगळं पाळलं होतं, आणि तरी स्वतःलाच दोष देत होती. २०१३ मधे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की जीएनएक्यू नावाच्या एका जनुकात गर्भ राहिल्यानंतर, अगदी सुरुवातीला, एका पेशीत आपोआप बदल होतो, आणि त्या पेशीपासून पुढे जेवढी कातडी तयार होते तेवढ्यात हा डाग येतो. आईकडून नाही, बापाकडून नाही, कुणाच्या वागण्यानं नाही. मला हे लेझरवाल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी घरी येऊन आईला अहिराणीत समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. ती ऐकून घेत होती, शेवटी एवढंच म्हणाली, मंग माले कोनी सांगं नही. आई गेली त्याला आता पाच वर्षं झाली. म्हणून ताई, तुम्ही हे डोक्यावर घेऊन बसू नका, लेकरू मोठं झालं की ते आईच्या तोंडाकडे बघून ठरवतं हा डाग किती मोठा आहे ते.

उपचाराचं सांगतो, कुणाच्या बाळाला सपाट गडद लाल-जांभळा डाग असेल तर उपयोगी पडेल. पल्स्ड डाय लेझर म्हणून असतं, ते रक्तवाहिन्यांवरच काम करतं. मी उशिरा, २९ व्या वर्षी सुरू केलं, मुंबईला जाऊन आठ वेळा केलं. आधी गार वाऱ्याचा फवारा येतो आणि लगेच रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका, टक टक टक. नंतर आठ-दहा दिवस गाल काळा-निळा, ड्युटीवर लोक विचारायचे कुणी मारलं. बराच फिका झाला, गेला नाही. लहान वयात, कातडी पातळ असताना केलं तर जास्त चांगला परिणाम येतो असं डॉक्टर म्हणाले. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लेझर जपून करावं लागतं, नाहीतर पांढरे किंवा काळे डाग राहतात, त्यामुळे गल्लीतल्या ब्यूटी पार्लरमधे लेझर आलंय म्हणून जाऊ नका, त्वचेचा डॉक्टर आणि योग्य मशीन बघूनच.

आणि हे महत्त्वाचं आहे, असा डाग कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर बाळाचे डोळे आणि मेंदू तपासावे लागतात. त्याबरोबर काचबिंदू किंवा झटके येण्याचा आजार असू शकतो. माझा गालावर होता म्हणून वाचलो.

रोजचं म्हणाल तर दाढी ट्रिमरनं करतो, ब्लेड लागलं की त्या बाजूनं रक्त लवकर थांबत नाही. ऊन आलं की रुमाल बांधतो आणि सनस्क्रीन लावतो, मार्च ते जून तर लावतोच. कातडी कोरडी पडते म्हणून रात्री साधं मॉइश्चरायझर. एवढंच.

अमळनेरची_लेक

सगळ्यांना किती धन्यवाद देऊ. भुसावळचे दादा, तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते बराच वेळ.

आम्ही परवा जाऊन आलो. रावेरच्या दादांच्या गाडीची गरज पडली नाही, दीर घेऊन गेले, पण विचारलंत हे मनात राहील. सासूबाईंना बरोबर घेऊन गेले, नर्सताईंनी सांगितलं तसं. हिमॅन्जिओमाच निघाला. त्वचेच्या मॅडमनी मोबाइलमधले फोटो बघितले आणि लगेच म्हणाल्या, डोळ्याजवळ आहे आणि वाढतोय, औषध सुरू करायचं. औषधाचं नाव प्रोप्रानोलॉल. आमच्या सासूबाई बीपीच्या पेशंट, त्यांची बहीण हीच गोळी खाते, नाव ऐकल्याबरोबर उभ्याच राहिल्या, म्हणे लेकराला बीपीची गोळी? मॅडमनी खुर्चीवर बसवून शांतपणे सगळं सांगितलं. म्हणाल्या, औषध जुनं आहे, हृदयासाठी निघालं होतं. २००८ च्या सुमारास फ्रान्समधे, बोर्दो शहरात, एका बाळाच्या नाकावर असाच हिमॅन्जिओमा होता, त्याला हृदयाच्या त्रासासाठी हे औषध दिलं तर दुसऱ्या दिवशी डागाचा रंगच फिका पडायला लागला. लेओते-लाब्रेझ म्हणून तिथल्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून जगभर हेच देतात. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि मग स्वतःच विचारलं, "मंग गरहनमुळे नही का?" मॅडम म्हणाल्या, नाही आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही, सुनेचा तर अजिबात नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. गाडीत परत येताना मात्र बाळाला माझ्याकडे दिलंच नाही, चोपड्यापर्यंत मांडीवर घेऊन बसल्या.

सुरू करण्याआधी बालरोगवाल्या सरांनी छाती ऐकली, हृदयाचे ठोके आणि बीपी बघितलं, ईसीजी काढला, वजन केलं. डोस वजनावर आहे, वजन वाढलं की तेच बदलून देणार, मी माझ्या मनानं काही करायचं नाही. पहिला डोस तिथेच दिला आणि दोन तास थांबवून घेतलं, मधे मधे ठोके मोजत होते. सुईशिवायच्या पिचकारीनं गालाच्या आत हळूहळू सोडायचं असं दाखवलं, मी हात थरथरत दिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून तपासलं, म्हणाले नजर झाकली गेलेली नाही अजून, थोडा नंबर वाकडा वाटतोय, महिन्यानं परत बघू.

आता प्रश्न असा की ती रात्री सलग पाच-साडेपाच तास झोपते, उठवून पाजू का? आणि काल सकाळी डोस दिल्यावर दूध ओकली, परत द्यायचं का?

नर्सताई_साक्री

शाब्बास माझी बाई. ओकली तर डोस परत द्यायचा नाही, पुढच्या वेळेलाच द्यायचा. या औषधाचं एकच मोठं सांभाळायचं असतं, उपाशीपोटी रक्तातली साखर उतरते. म्हणून नेहमी पाजताना किंवा पाजून झाल्यावर लगेच. रात्री किती तासांनी उठवायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, या वयात जास्त वेळ उपाशी ठेवत नाहीत, तोवर उठवून पाजा. जुलाब-उलट्या लागल्या, दूध घेईना, किंवा खोकला होऊन छातीत सूं सूं वाजायला लागलं तर डोस थांबवून आधी डॉक्टरांना फोन. बाळ सुस्त पडलं, घाम सुटला, अंग गार लागलं, उठवून उठेना तर फोन वगैरे काही नाही, सरळ दवाखाना. हातपाय जरा गार राहणं, झोप मोडणं एवढं चालतं.

आणि महिना-दोन महिन्यांत डाग फिका पडला की घरात कुणीतरी म्हणेलच की आता बस झालं औषध. बंद करायचं नाही. साधारण वर्षाची होईपर्यंत चालतं बऱ्याच बाळांना, लवकर किंवा एकदम सोडलं की परत फुगतो.

तापीकाठ

ताई खूप बरं वाटलं वाचून. बायकोला वाचून दाखवलं, तिनं विचारलंय की डोळ्याचं पुढचं अपॉइंटमेंट घेऊन ठेवलं का, ते विसरू नका, डाग बसतोय म्हणून लोक डोळ्याची तारीख चुकवतात.

अमळनेरची_लेक

घेतलंय दादा, कॅलेंडरवर सासूबाईंनीच गोल केलाय. आज औषधाचा बारावा दिवस. खिडकीपाशी पट्टी धरून फोटो काढला, लांबी तेवढीच आहे, पण मधला लालभडक रंग उतरून जांभळट-करडा दिसतोय आणि बोटाला मऊ पडल्यासारखा लागतो. रात्री दोनचा गजर लावते, पण गजराआधीच शेजारच्या खोलीतून आवाज येतो, "ऊठ वं, पोरले पाज." डोळे तपासून आलो की इथेच लिहिते.